मणिबेलीची टाकी आणि लाकडातलं लिग्निन

मणिबेलीत सिमेंटची प्रत्येक गोणी तीनदा खांद्यावर चढते. ट्रकमधून होडीत, होडीतून काठावर आणि काठावरून टेकडी चढून पाड्यावर. पन्नास किलो घेऊन तो चढ चढलेला माणूस वर पोचला की काही बोलत नाही. भिंतीला टेकून उभा राहतो आणि कुणीतरी गोणी उतरवून घेण्याची वाट बघतो. गोणीची किंमत दुकानदाराच्या बिलावर असते तेवढीच असते असं शहरातल्या कामावर वाटतं. इथे ती त्या माणसाच्या मानेवर दिसते.

मी स्थापत्य अभियंता आहे. माझं बरंचसं आयुष्य छोट्या पाणीयोजनांवर गेलं: झऱ्याचं पाणी धरायचं, टाकीत साठवायचं, उताराचा फायदा घेऊन पाइपानं घरांपर्यंत आणायचं. पंप नाही, वीजबिल नाही. मणिबेलीचं काम याच जातीचं होतं. टेकडीच्या पोटात बारमाही झिरपणारा एक झरा, त्याच्या खाली काँक्रीटची टाकी आणि तिथून पाड्यापर्यंत नळी. काम लहानच, पण त्यानं मला सिमेंटबद्दल जेवढं शिकवलं तेवढं मोठ्या पुलांच्या कामांनी शिकवलं नाही.

मणिबेली हे सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रात सगळ्यात आधी गेलेलं गाव. अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदेच्या काठचं. विधानसभेच्या मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुवा पहिला आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली, त्यामुळे निवडणुकीच्या दिवसांत होडीतून मतदान यंत्र नेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे फोटो पेपरात येतात. एरवी या गावाची आठवण फारशी कुणाला होत नाही. १९९३ च्या पावसाळ्यात इथली घरं पाण्याखाली जायला लागली तेव्हा लोक घरांतून हलले नव्हते. त्याच वर्षी मार्चअखेर जागतिक बँक या धरणातून बाहेर पडली होती. पुढच्या वर्षी जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देऊ नये म्हणून जो जाहीरनामा काढला, त्याला नाव दिलं ते याच गावाचं. काही कुटुंबं गुजरातेत पुनर्वसनाला गेली, काही वर सरकली. आज जे पाडे दिसतात ते वर सरकलेल्या माणसांचे.

ही पार्श्वभूमी सांगायचं कारण आहे. मैदानातल्या गावाला सिमेंट म्हणजे नवं घर, नवी शाळा. मणिबेलीच्या लोकांनी सिमेंट पहिल्यांदा पाहिलं ते खालच्या अंगाला उभ्या राहत गेलेल्या भिंतीत. त्या धरणात सुमारे ६८ लाख घनमीटर काँक्रीट आहे. तो आकडा इथल्या कुणाला पाठ नसेल, पण त्या काँक्रीटनं किती पाणी अडवलं आणि ते आपल्या अंगणात कुठवर आलं हे प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून टाकी बांधायची ठरली तेव्हा बैठकीतल्या एका बाईंनी सरळ विचारलं, "ताई, तुमचं हे सिमेंट तरी पाणी आमच्याकडे ठेवील ना?" मी हो म्हटलं. ते हो निभावणं ही माझी जबाबदारी होती.

पाणी धरणाऱ्या टाकीचं काँक्रीट घराच्या काँक्रीटपेक्षा वेगळं लागतं. आपल्याकडचं मानक सांगतं की सळईच्या टाकीला एम-३० दर्जाचं काँक्रीट हवं, घनमीटरला निदान ३२० किलो सिमेंट हवं आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीपेक्षा जास्त नको. म्हणजे एका गोणीला साडेबावीस लिटर. त्यातही वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी यातून वजा करायचं. पावसानंतरची वाळू असली तर गोणीमागे तीन-चार लिटर तिथंच गेले. वाळू आणि खडी दोन्ही खालून आणावी लागली. नर्मदेच्या काठचे वाळूचे पट्टे आता जलाशयाच्या तळाशी आहेत. नदीकाठच्या गावाला वाळू तापीकाठाहून आणावी लागते याला काय म्हणावं, मला खरंच कळत नाही.

आता हे साडेबावीस लिटर कागदावर ठीक आहेत. कामावर मिस्त्रीला ते मान्य नसतात. आमचा मिस्त्री तळोद्याकडचा, हाताचा स्वच्छ, सेंट्रिंगमध्ये फट राहू न देणारा. पण पहिला घाणा मिक्सरमधून पत्र्यावर पडला आणि त्यानं फावडं मारून बघितलं. "ताई, हा माल चालायचा नाही. सळईच्या मागं जाणारच नाही. अजून एक बादली टाकू द्या." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. सळईच्या जाळीमागे माल शिरला नाही तर भिंतीत पोकळ्या राहतात आणि टाकी तिथून गळते. आणि बादली टाकली तर माल शिरतो, पण टाकी तरीही गळते, फक्त उशिरा. सिमेंटला घट्ट व्हायला लागतं तेवढं पाणी ते घेतं, उरलेलं हळूहळू उडून जातं आणि जाताना केसाहून बारीक नळ्यांचं जाळं मागे ठेवतं. त्या नळ्यांमधून पाणी बाहेर येतं आणि काही वर्षांत सळई गंजते. बांधकामातली निम्मी भांडणं या एका बादलीवरून होतात आणि बहुतेक वेळा बादली जिंकते.

या भांडणासाठीच मी सोबत एक कॅन नेला होता. लिग्नोसल्फोनेटचा. आत गडद तपकिरी, काकवीसारखा दाट द्रव, वासही काहीसा जळक्या गोडाचा. हात लागला तर बोटं चिकट होतात आणि डाग पाण्यानं निघून जातो. हे लाकडातलं लिग्निन. झाडाच्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे असतात आणि त्या धाग्यांना एकमेकांत घट्ट बसवणारं, खोडाला कडकपणा देणारं द्रव्य म्हणजे लिग्निन. सुक्या लाकडाचा पाचवा ते जवळजवळ तिसरा हिस्सा तेच. कागद करायचा तर सेल्युलोज हवं आणि लिग्निन नको. वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं ते त्यात राहिलेल्या लिग्निनमुळेच. सल्फाइट पद्धतीच्या कारखान्यात लाकूड शिजवलं की लिग्निन पाण्यात विरघळून वेगळं होतं आणि त्या पाण्यातून हा द्रव मिळतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत तो काँक्रीटमध्ये घालायला सुरुवात झाली. नॉर्वेतली बोरेगार्ड ही कंपनी स्प्रूसच्या लाकडापासून असं लिग्निन करते आणि जगात या धंद्यात सगळ्यात मोठी आहे.

मिस्त्रीला मी एवढंच सांगितलं: गोणीमागे दीडशे मिली, पाण्यात आधी मिसळून, आणि पाणी बादलीनं नाही, मापानं. पाड्यावरचा एक तरुण मुलगा, बारावीनंतर घरी असलेला, मापाचं काम त्याच्याकडे दिलं. त्यानं पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर ब्लेडनं खुणा कापल्या, एक दीडशेची, एक शंभरची, आणि ती बाटली कुणाला हात लावू देईना.

दुसरा घाणा पडला. तेच सिमेंट, तीच वाळू, पाणी पहिल्याइतकंच. पत्र्यावर माल पडताना आवाजच वेगळा आला. पहिला घाणा ढेकळांनी पडला होता, हा पसरला. आम्ही स्लंपचा शंकू लावला: लोखंडी शंकूत तीन थरांत माल भरायचा, प्रत्येक थर सळईनं पंचवीस वेळा ठोसायचा, मग शंकू सरळ वर उचलायचा आणि माल किती खाली बसला ते पट्टीनं बघायचं. पहिला घाणा शंकू काढल्यावर जवळपास होता तसाच उभा राहिला होता. दुसरा तळहाताच्या रुंदीएवढा खाली बसला आणि कडेनं पाणी सुटलं नाही. मिस्त्री खाली बसला, त्यानं मालावर थापी फिरवली, परत फिरवली. म्हणाला, "पाणी नाही घातलं?" त्या मुलानं बाटली दाखवली.

हे कसं होतं ते सांगायला हवं. सिमेंटचे कण फार बारीक असतात आणि पाण्यात पडताच एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. त्या पुंजक्यांच्या आत पाणी अडकून पडतं. ते ना सिमेंटच्या कामाला येतं, ना माल सैल करायला. मिस्त्री वरून बादली ओततो ती या अडकलेल्या पाण्याची भरपाई म्हणून. लिग्नोसल्फोनेटचे रेणू सिमेंटच्या कणांवर जाऊन बसतात आणि कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार येतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर ढकलतात, पुंजका सुटतो आणि आत अडकलेलं पाणी मोकळं होतं. बाहेरून एक थेंब न घालता माल सैल होतो. पाण्याची बचत साधारण पाच ते दहा टक्के. आकडा लहान वाटतो, पण आपल्या मानकाप्रमाणे असं द्रव्य पाणी निदान पाच टक्के कमी करू शकलं पाहिजे आणि अठ्ठावीस दिवसांची ताकद निदान दहा टक्के वाढवू शकलं पाहिजे. गोणीमागच्या दोन लिटर पाण्यात टाकीचं आयुष्य ठरतं.

आता याहून जोरकस द्रव्यं बाजारात आहेत. मोठ्या इमारतींच्या कामावर ती वापरतात आणि त्यांच्यापुढे लिग्निन जुनं झालं असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. नवी द्रव्यं महाग आहेत, तेलाच्या रसायनांपासून बनतात आणि माप थोडं चुकलं की माल पाण्यासारखा वाहतो. डोंगरावर, हाताच्या मापानं, बाटलीवरच्या खुणेनं काम करताना थोडी माफी देणारं द्रव्य हवं. लिग्निन ते देतं.

संध्याकाळी पाड्यावरचे एक आजोबा काम बघायला आले. त्यांनी कॅनचं झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, यात गूळ घातलाय का. त्यांच्या तरुणपणी त्यांनी कुठल्याशा चुन्याच्या बांधकामावर मजुरी केली होती आणि तिथे घाणीत गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालताना पाहिलं होतं. चुन्याला ते चालतं, चांगलंही ठरतं, पण सिमेंटच्या मालात मूठभर गूळ पडला तर तो दोन-दोन दिवस घट्ट होत नाही. साखरेचा अगदी थोडा अंशही सिमेंटला थोपवून धरतो. आजोबांच्या नाकानं मात्र बरोबर ओळखलं होतं. लाकूड शिजवताना लिग्निनबरोबर लाकडातल्या साखरांचाही काही भाग पाण्यात उतरतो. चांगल्या कारखान्यात ती साखर आंबवून तिचं अल्कोहोल करतात आणि उरलेलं साखर काढलेलं लिग्निन विकतात. तरी थोडी साखर राहते, आणि लिग्निन स्वतःही सिमेंटला जरा उशीर लावतं.

त्या उशिराची प्रचिती आम्हाला भिंतीच्या कामात आली. डिसेंबर होता. सातपुड्यात त्या दिवसांत रात्री कडाक्याची थंडी पडते. त्यात आमच्या गोण्या पीपीसीच्या, म्हणजे राखमिश्रित सिमेंटच्या, जे मुळातच सावकाश घट्ट होतं. दुपारनंतर भिंतीचा टप्पा ओतला आणि सकाळी मिस्त्रीनं वरच्या कडेला नख लावलं तर नख आत गेलं. तो घाबरला. त्याला वाटलं सिमेंट ओलं झालेलं होतं, होडीत पाणी लागलं असणार. तिथे जमलेल्या लोकांच्या तोंडावरही तेच. मी त्यांना सांगितलं की साचा कुणी सोडायचा नाही, वरून ओली गोणपाटं झाका आणि उद्यापर्यंत थांबा. थंडी, राखेचं सिमेंट आणि लिग्निन, तिघांचा उशीर एकावर एक चढला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच जागी खिळा मारून पाहिला तर ओरखडा पांढरा उठला आणि बस. साचा आम्ही नेहमीपेक्षा उशिरा सोडला. त्यानंतर थंडीतल्या घाण्यांना माप शंभरच्या खुणेवर आणलं. मुलानं शंभरची खूण आधीच कापून ठेवली होती.

हाच उशीर उन्हाळ्यात वरदान ठरतो. मिक्सर खालच्या सपाटीवर होता. अर्ध्या गोणीचा छोटा मिक्सर होडीतून आणून तिथवर ओढत नेला होता, त्याहून वर तो चढणारच नव्हता. तिथून टाकीपर्यंत माल घमेल्यांनी, माणसांच्या साखळीनं जायचा. मार्चमध्ये झाकणाचा स्लॅब ओतला तेव्हा उन्हानं घमेलं हाताला चटका देत होतं. साधा माल वर पोचेपर्यंत ताठला असता आणि वर कुणीतरी तांब्याभर पाणी शिंपडलं असतं. हा माल वर पोचला तसाच मऊ. साखळीतल्या बायकांना त्या दिवशी फार घाई करावी लागली नाही, याचंही मोल मला कमी वाटत नाही.

लिग्निन वापरायचे दोन रस्ते आहेत. सिमेंट तेवढंच ठेवायचं आणि पाणी कमी करून ताकद वाढवायची. किंवा ताकद तेवढीच ठेवून पाणी आणि सिमेंट दोन्ही थोडं कमी करायचं. दुसऱ्या रस्त्यानं शंभर गोण्यांच्या कामात पाच-सात गोण्या वाचू शकतात आणि मणिबेलीत पाच-सात गोण्या म्हणजे तेवढ्या वेळा तो चढ. जगाच्या हिशेबातही त्याला अर्थ आहे. माणसांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमधून जातो. तरी टाकीसाठी मी पहिलाच रस्ता धरला. पाणी ठेवील ना, असं मला विचारलं होतं. गोण्या किती वाचतील असं नाही. गोण्या वाचवायच्या त्या टाकीभोवतीच्या फरशीत आणि पायऱ्यांत वाचवल्या.

दुपारच्या सुटीत त्या मुलानं विचारलं, हे कुठल्या झाडाचं. मी म्हटलं, थंड देशातल्या सूचिपर्णी झाडांचं असावं. त्यानं घराच्या भिंतीकडे बोट केलं. कुडाची भिंत, बांबूच्या कामट्या विणून वर शेणमाती लिंपलेली. "यात नसतं का?" असतं. बांबूतही लिग्निन भरपूर असतं. बांबू सरळ उभा राहतो तो त्याच्याच बळावर. या डोंगरांच्या पलीकडे, गुजरातेत सोनगडला, बांबूवर चालत आलेला कागद कारखाना आहे, विदर्भात बल्लारपूरचा. पण आपल्याकडचे असे कारखाने बहुतेक क्राफ्ट पद्धतीचे. त्या पद्धतीत लिग्निन उतरलेलं काळं पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात, त्यातून वाफ आणि वीज मिळते आणि रसायनं परत मिळतात. कारखान्याच्या दृष्टीनं ते शहाणपणाचंच आहे. तरी जगभरच्या कागद कारखान्यांतून निघणाऱ्या लिग्निनचा फारच थोडा भाग वस्तू म्हणून वापरला जातो, बाकीचं जळतं, हे त्या मुलाला सांगताना मला चांगलं वाटलं नाही. उसाच्या चिपाडांचंही तेच. त्यांचाही साधारण पाचवा हिस्सा लिग्निन, आणि साखर कारखान्यांच्या राज्यात ती चिपाडं बॉयलरमध्ये जातात.

बदल अगदीच नाही असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसरला राष्ट्रीय महामार्गाचा एक तुकडा लिग्निनपासून केलेलं डांबर मिसळून बांधला. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आणि दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांचं ते काम. शेतातल्या काडीकचऱ्यातून रस्त्याचं डांबर होऊ शकतं, तर चिपाडातून किंवा बांबूतून काँक्रीटचं द्रव्य व्हायला विज्ञानाची अडचण नाही. क्राफ्टचं लिग्निन तसं पाण्यात विरघळत नाही, त्यावर आणखी एक प्रक्रिया करावी लागते, एवढंच. अडचण आहे ती कारखान्याला ते परवडण्याची, आणि तिथे सरकारनं हात द्यायला हवा असं माझं ठाम मत आहे. ज्या डोंगरातला बांबू जातो तिथल्या टाकीला सातासमुद्रापलीकडच्या झाडाचं लिग्निन लागावं, ही व्यवस्था मला मान्य नाही.

टाकी भरली तेव्हा आम्ही आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खिळ्यानं रेघ मारली आणि झऱ्याची नळी बंद केली. पहिले काही दिवस पातळी थोडी उतरली; काँक्रीट सुरुवातीला पाणी पितं. पुन्हा रेघेपर्यंत भरून थांबलो. बाहेरच्या बाजूनं भिंतीवर हात फिरवत मिस्त्री रोज सकाळी टाकीला एक फेरी मारायचा. तळाच्या सांध्यापाशी तो वाकून बसायचा, कारण गळती लागली तर तिथंच लागते. भिंत कोरडी होती. काँक्रीटचे ठोकळे धुळ्याला दाबून तपासले, तेही मानकाच्या वर निघाले. ज्या बाईंनी बैठकीत प्रश्न विचारला होता, त्यांनी टाकीचं झाकण उघडून आत डोकावून बघितलं आणि काही न बोलता हंडा नळाखाली लावला.

मिस्त्रीनं पुढच्या कामाला जाताना कॅनमधलं उरलेलं मागून घेतलं. अडचण पुढे आहे. ही द्रव्यं वीस लिटरच्या कॅनमध्ये किंवा दोनशे लिटरच्या पिंपात येतात, मोठ्या ठेकेदारांसाठी. डोंगरातल्या एका टाकीला किंवा एका घराच्या स्लॅबला काही लिटर पुरतात आणि तेवढं सुटं मिळत नाही. मिळालंच तर बाटलीवर सगळा मजकूर इंग्रजी. अक्कलकुव्याच्या, मोलगीच्या दुकानात सिमेंटच्या थप्पीशेजारी लिटरभराच्या बाटल्या ठेवायला हव्यात. त्यांवर मराठीत ठळक छापलेलं असावं: गोणीला किती मिली, त्यावर पाणी किती लिटर आणि त्याहून एक थेंबही जास्त नाही, थंडीत माप किती कमी करायचं, साचा किती तास सोडायचा नाही. आणि बाटलीच्या अंगावर खुणा आधीच उठवलेल्या असाव्यात, म्हणजे कुणाला ब्लेड शोधावं लागणार नाही.